जेनेरिक औषधे

मूळ औषधाचे पेटंट संपल्यावर इतर उत्पादकांनी त्याच क्रियाशील घटकापासून, तेवढ्याच मात्रेत आणि त्याच स्वरूपात बनवलेले औषध म्हणजे जेनेरिक औषध. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांसारख्या आजारांत वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. तिथे औषधांचा खर्च कमी करण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच असेल.

ही औषधे स्वस्त का पडतात, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘स्वस्त म्हणजे हलके’ ही शंका इथेच मिटते. नवे औषध शोधून, हजारो रुग्णांवर चाचण्या घेऊन बाजारात आणायला प्रचंड खर्च येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू झालेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारानुसार पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून किमान २० वर्षे असते. तोवर शोधकर्ती कंपनी हा खर्च किमतीतून वसूल करते. जेनेरिक उत्पादकाला त्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागत नाहीत. अमेरिकेत ही वाट १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने मोकळी केली. एकाच औषधाचे उत्पादक वाढले की स्पर्धेमुळे किंमत आणखी उतरते.

मात्र जैवसमतुल्यता, म्हणजे जेनेरिक औषध मूळ औषधाइतकेच आणि तितक्याच वेगाने रक्तात पोहोचते हे, सिद्ध करावेच लागते. साधारणपणे काही डझन निरोगी स्वयंसेवकांना काही दिवसांच्या अंतराने मूळ आणि जेनेरिक अशी दोन्ही औषधे दिली जातात आणि ठरावीक वेळाने रक्त तपासले जाते. औषधाची पातळी कमाल किती चढली आणि एकूण किती औषध रक्तात पोहोचले, हे पाहतात. दोन्ही औषधांच्या या मापांच्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतराल (खरे गुणोत्तर ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा) ८० ते १२५ टक्क्यांत बसावा लागतो. यावरून ‘जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी चालते’ असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. संपूर्ण अंतराल त्या मर्यादेत बसवायचा तर सरासरी १०० च्या जवळच असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातील दोन हजारांहून अधिक चाचण्या तपासल्या, तेव्हा रक्तात पोहोचणाऱ्या एकूण औषधातला सरासरी फरक सुमारे ३.५ टक्के निघाला.

वॉर्फरिन (रक्त पातळ करणारे), फेनिटॉइन (अपस्माराचे), लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडचे) अशा औषधांत मात्रेतला थोडा फरकही जाणवू शकतो. ती डॉक्टरांना विचारूनच बदलावीत आणि शक्यतो एकाच उत्पादकाची घ्यावीत. इन्सुलिनसारख्या जैविक औषधांच्या पर्यायांना बायोसिमिलर म्हणतात. त्यांचे नियम वेगळे आहेत. रंग, आकार आणि लॅक्टोजसारखे पूरक घटक मात्र जेनेरिकमध्ये वेगळे असू शकतात. त्या घटकांची अ‍ॅलर्जी किंवा त्यांचा त्रास असेल तर ते आधीच सांगावे.

पैसे वाचवायचे तर औषधाचे मूळ नाव, म्हणजे ब्रँडचे नव्हे तर क्रियाशील घटकाचे नाव, ओळखता यायला हवे. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून अशा नावांच्या याद्या प्रसिद्ध करते. नावाच्या शेवटावरून औषधाचा गटही कळतो: अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची, तर एनालाप्रिल, रामिप्रिल ही रक्तदाबाची. हे नाव पट्टीवर ब्रँडच्या नावासोबत छापलेले असते. घरातली वडीलधारी माणसे मात्र गोळी रंगावरून ओळखतात. ‘पांढरी लांबट’ गोळी एकदम गुलाबी झाली की ती नवी समजून जुनीसोबत घेतली जाते आणि मात्रा दुप्पट होते. म्हणून औषध बदलले त्याच दिवशी जुनी पट्टी डब्यातून काढून टाकावी आणि नव्या पट्टीवरचे मूळ नाव त्यांना वाचून दाखवावे.