भिंतीला लोणा का लागतो?

गणपती झाले, पाऊस ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या सरकारी इमारतींवर परांच्या चढतात. खालच्या चार फुटांतले पोपडे खरवडायचे, तिथे सिमेंटचा गिलावा थापायचा, वर ऑईल पेंटचा पट्टा ओढायचा आणि बिल काढायचे. पुढच्या श्रावणात ओल त्या पट्ट्याच्या डोक्यावर, पाचव्या-सहाव्या फुटाला हजर. मग कुणीतरी ठरवून टाकतो की बांधकामच कुजले, पाडून नवे बांधा. शंभर-सव्वाशे पावसाळे काढलेली भिंत गेल्या पाच-सात वर्षांतच कशी कुजली, हे मात्र कुणी विचारत नाही.

जमिनीतले पाणी भिंतीत चढते ते केशाकर्षणाने, हे शाळेत झालेलेच आहे. छिद्र जितके बारीक, तितके पाणी उंच. छिद्राची त्रिज्या एक शतांश मिलिमीटर धरली तर पाणी दीड मीटर चढते. त्याच्या दहाव्या हिश्शाचे छिद्र असेल तर हिशेबाने 15 मीटर! मग कचेरीच्या कौलांपर्यंत ओल का पोचत नाही? कारण वाटेतच ती उडून जाते. खालून जेवढे पाणी येते तेवढेच पृष्ठभागावरून वाफ होऊन जाते, त्या उंचीला ओल थांबते. आपल्याकडचा जांभा तर भोकाभोकांचाच दगड. खाणीत कुऱ्हाडीने तासता येतो, उघड्यावर वाऱ्याला लागला की कडक होतो. त्याच्या सांध्यांत चुना आणि वर चुन्याचाच गिलावा, म्हणजे अख्खी भिंत हवेशी देवघेव करणारी. माठाला बाहेरून ऑईल पेंट फासला तर पाणी गार होईल का? भिंतीला सिमेंट मारून आपण नेमके तेच करतो. खालची वाट बंद झाली की ओल वर सरकते, जिथे मोकळा चुना सापडेल तिथे बाहेर पडते. गुत्तेदाराच्या पट्ट्यावरची ती ओली रेघ म्हणजे साधा जमाखर्च आहे.

पण नुसत्या पाण्याने गिलावा फुटत नाही. फोडतो तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर भिंतीत आलेला क्षार. पोपडा नखाने हळूच उचलून पाहा. मागे कापसाच्या तंतूंसारखे पांढरे केस उभे असतात, फुंकर मारली तर उडतात. हे क्षार जमिनीतून येतात, कचेरीमागच्या मुतारीतून येतात (जुन्या भिंती खरवडून दारूगोळ्यासाठी सोरा काढत, तो असाच), आणि सिमेंटमध्येही सोडियम-पोटॅशियमचे विरघळणारे क्षार असतातच. म्हणजे औषध म्हणून जे लावले, त्यातूनच रोगाला खुराक.

ओलाव्याचा पुरवठा भरपूर असेल तर पाणी पृष्ठभागावर येऊन उडते आणि क्षार बाहेर फुलतो. दिसायला वाईट, पण केरसुणीने झाडला की संपले. बाहेरचा थर घट्ट असेल तर बाष्पीभवन आत, गिलाव्याच्या पाठीमागे होते आणि स्फटिक छिद्रांतच वाढतात. छिद्र भरल्यावर स्फटिकाने थांबायला हवे ना? तो थांबत नाही. स्फटिक आणि छिद्राची भिंत यांच्यामध्ये द्रावणाचा अतिशय पातळ थर टिकून राहतो. द्रावण अतिसंपृक्त असेल, म्हणजे मावेल त्याहून जास्त क्षार त्यात विरघळलेला असेल, तर त्या थरातून नवे आयन येऊन स्फटिकाला चिकटत राहतात आणि तो भिंतीला रेटत राहतो. चुन्याचा गिलावा 1 मेगापास्कलचा ताणही धड सोसत नाही. हा रेटा त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो.

यात सर्वांत खोडकर सोडियम सल्फेट. त्याची दोन रूपे महत्त्वाची : एक कोरडे, दुसरे प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू बाळगणारे. दुसऱ्याचे आकारमान पहिल्याच्या तिपटीहून जास्त. पाण्याच्या संपर्कात 32.4 अंश सेल्सिअसच्या वर कोरडे रूप स्थिर, खाली ओले. आता आपला एप्रिल आठवा. पश्चिमेची भिंत दिवसभर तापलेली, आतला क्षार कोरडा. चारच्या सुमाराला वळीव कोसळतो, भिंत भिजते, थंड होते. कोरडा क्षार भराभर विरघळतो. पण त्या तापमानाला ओल्या रूपाची विद्राव्यता कोरड्यापेक्षा कमी असते, त्यामुळे कोरड्याच्या दृष्टीने जेमतेम संपृक्त असलेले द्रावण ओल्या रूपाच्या दृष्टीने भयंकर अतिसंपृक्त ठरते. तिपटीने फुगलेले स्फटिक एकदम उगवतात आणि गिलावा फाटतो. भिंत वाळताना फुटते असे आपण धरून चालतो. या क्षाराच्या बाबतीत ती भिजताना जास्त फुटते. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी एवढेच धरावे : पहिल्या वळवानंतर भिंतीशी पडलेला भुगा तपासा.

एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. जोसेफ अॅस्पडिनला इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट मिळाले 21 ऑक्टोबर 1824 ला. दोनच दिवसांनी, 23 ऑक्टोबरला, इकडे राणी चन्नम्माच्या कित्तूरच्या लढाईत इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे पडला. म्हणजे त्याआधीच्या आपल्या कुठल्याही वाड्याला, बुरुजाला पोर्टलंड सिमेंट माहीतच नव्हते.

ओल हटत नाही म्हणून वास्तुदोष काढणारेही भेटतात. ईशान्येला कलश ठेवून केशाकर्षण थांबत नाही. दुसऱ्या टोकाला गूळ, बेलफळ, हिरडा घातलेला चुना म्हणजे पूर्वजांचे हरवलेले महातंत्रज्ञान, असे व्हॉट्सअॅपवर सांगणारे. गुळातल्या साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, मिश्रण हाताळायला सोपे जाते. गवंड्यांच्या अनुभवाचे शहाणपण आहे ते, चमत्कार नव्हे. आणि दहा वर्षांची हमी देणारा जलरोधक रंग तर जुन्या भिंतीला कलशाहूनही वाईट, कारण कलश निदान वाफ अडवत नाही.

संरक्षित स्मारकांना, उदाहरणार्थ बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीला, पुरातत्त्व खाते आहे. जुन्या कचेऱ्या, शाळा, प्रवासी बंगले यांना बहुतेक वेळा फक्त तिथला प्रमुख आणि बांधकाम खात्याचा इंजिनिअर. माझ्या मते अशा इमारतीची जबाबदारी घेणाऱ्या साहेबाने पहिली फेरी भर पावसात, छत्री घेऊन, आवारात मारावी. पन्हाळ कुठे गळते, पागोळ्यांचे पाणी पायाशी साचते का, गटार तुंबले आहे का, कार्निसवर पिंपळ उगवला आहे का. सगळ्यात जास्त नजर चुकते ती जमिनीच्या पातळीवरून. दर डांबरीकरणाला रस्ता चढतो, आवारात पेव्हर बसतात, बाग करायची म्हणून भिंतीला लागून माती आणि हिरवळ येते, आणि जोते हळूहळू जमिनीत जाते. दगडी जोते पुन्हा मोकळे केले, पाणी इमारतीपासून दूर उतरते केले, तर गिलाव्याला हात न लावताही अर्धी ओल उतरते.

मग सिमेंट काढायचे आणि भिंत वाळू द्यायची. ठोकताळा असा की एका इंचाला एक महिना; दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी वर्ष जाते. इथे विज्ञानाची गाठ मार्चएण्डशी पडते. निधी 31 मार्चला परत जातो म्हणून ओल्या भिंतीवर गिलावा चढतो. यावर उपाय म्हणजे काम दोन वर्षांत विभागून मंजूर करून घेणे : पहिल्या वर्षी कौले, पन्हाळी, गटारे, जोते, दुसऱ्या वर्षी चुना. टेंडरमध्ये नुसते ‘गिलावा’ लिहिले की सिमेंटच येणार, म्हणून चुना, वाळू आणि त्यांचे प्रमाण स्पष्ट लिहावे. कळीचा चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवायला लागतो, तेव्हा जानेवारीत गिलावा हवा असेल तर चुन्याची ऑर्डर दिवाळीआधी गेलेली बरी.