वेताळ पंचविशी वेगळी आणि सिंहासन बत्तिशी वेगळी

'विक्रम और बेताल' सिरियलचा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, हो हो, ती बत्तीस पुतळ्यांची ना, ज्यात भूत राजाच्या पाठीवर बसायचं? नाही हो. पुतळ्या सिंहासन बत्तिशीतल्या, वेताळ वेताळ पंचविशीतला. परवा आमच्या घरी भाच्याला गोष्ट सांगता सांगता त्याच्या मामाने वेताळालाच सिंहासनावर नेऊन बसवलं आणि पोराने ते खरं मानलं, मग मला राहवलं नाही.

सिरियल सगळ्यांना माहितीच आहे म्हणून पटकन सांगते. १९८५, दूरदर्शन, रामानंद सागर. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन बेताल. दीपिका चिखलिया, सुनील लहरी हे पण त्यातल्या गोष्टींमध्ये दिसतात, आणि जानेवारी १९८७ मध्ये हीच मंडळी 'रामायण'मध्ये राम, सीता, लक्ष्मण होऊन आली. सागरांचं टीव्हीचं काम 'रामायण'पासून सुरू झालं असं जे धरतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, आमच्या पिढीला टीव्हीसमोर आधी बसवलं ते त्या झाडाला लटकलेल्या मढ्याने.

बाकीचे फरक फार मोठे नाहीत. पंचविशीत पंचवीस गोष्टी आणि बत्तिशीत बत्तीस, नावातच आहे. पंचविशी सोमदेवाच्या कथासरित्सागर या संस्कृत कथासंग्रहात येते, म्हणजे अकरावं शतक आणि काश्मीर. बत्तिशीचं संस्कृत नाव सिंहासनद्वात्रिंशिका, तिलाच विक्रमचरित पण म्हणतात. टीव्हीवर दोन्ही आल्या. झालं.

आता ज्या एका गोष्टीत सगळे अडकतात ती. पंचविशीत विक्रम गोष्ट ऐकतो, बत्तिशीत विक्रमाबद्दलची गोष्ट दुसरा कोणी ऐकतो. एवढं डोक्यात बसलं की बाकीचा घोळ आपोआप सुटतो.

पंचविशीत राजा जिवंत आहे, तरुण आहे, मध्यरात्री स्मशानात एकटा आहे. एक भिक्षू रोज दरबारात येऊन त्याला एक फळ द्यायचा, राजा ते बाजूला ठेवायला सांगायचा, एक दिवस माकडाने ते फळ फोडलं आणि आतून रत्न पडलं, तेव्हा कळलं की आजवरच्या प्रत्येक फळात एक रत्न होतं. एवढ्या मोठ्या देण्याखाली दबून राजा त्या भिक्षूसाठी झाडावरचं मढं आणायला जातो. मढ्यात वेताळ शिरलेला आहे, तो वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी निवाडा मागतो. म्हणजे तिथे राजाच्या अकलेची परीक्षा चाललीये.

बत्तिशीत विक्रम मरून किती काळ लोटलाय. त्याचं सिंहासन जमिनीत गाडलंय, वर एका ब्राह्मणाचं शेत आहे. तो ब्राह्मण शेतातल्या माचाणावर चढला की एकदम उदार होतो, या, माझं पीक खा म्हणून राजाच्या फौजेला बोलावतो, आणि खाली उतरला की लुटलं लुटलं म्हणून रडतो. धारचा भोजराजा म्हणतो की या जागेतच काहीतरी आहे, आणि खणायला लावतो. सिंहासन निघतं, भोज बसायला जातो तर पायरीवरची पुतळी बोलायला लागते, थांब, विक्रमाने काय केलं ते आधी ऐक, तेवढा उदार असशील तर बस. असं बत्तीस वेळा. इथे कोडं नाही, निवाडा नाही, विक्रम हे माप आहे आणि भोजाला त्या मापाने मोजतायत.

एक एक गोष्ट शेजारी ठेवून बघा. वेताळाची मंदारवतीची गोष्ट घ्या. तिला मागणी घालणारे तिघं, ती मरते. एक तिच्या राखेवरच झोपून राहतो, एक अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत भटकत जिवंत करायचा मंत्र शिकून येतो. ती उठते, आता नवरा कोण? राजा म्हणतो, जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या ते मुलाचं काम, राखेला मिठी मारून राहिला तोच नवरा. आता बत्तिशीतली समुद्राच्या चार रत्नांची गोष्ट घ्या. विक्रम ब्राह्मणाला सांगतो यातलं एक घे, ब्राह्मण घरी विचारायला जातो, तो स्वतः, बायको, मुलगा, सून, चौघांना चार वेगळी रत्नं हवीत, घरात भांडण. वेताळाने हीच गोष्ट सांगितली असती तर तो इथेच थांबून विचारता झाला असता की बोल राजा, कोणाचं बरोबर? पण बत्तिशीतला विक्रम काय करतो, चारही रत्नं देऊन टाकतो, प्रश्नच मिटला! मला स्वतःला पंचविशीच जास्त आवडते, कारण तिथे राजाला खरंच डोकं चालवावं लागतं.

आणि वेताळाची अट तरी नीट सांगा हो. 'चुकीचं उत्तर दिलं तर डोकं फुटेल' असं अनेक जण सांगतात, ते साफ चूक आहे. अट अशी की उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. खरंच माहीत नसेल तर गप्प राहायला काहीच हरकत नाही. ही अट चुकली की शेवट कळतच नाही, कारण शेवटच्या कोड्यात, बापाने एका परक्या मुलीशी आणि त्याच्या मुलाने त्या मुलीच्या आईशी लग्न केलं तर त्यांची पोरं एकमेकांची कोण, यावर राजाला खरंच काही सुचत नाही. तो गप्प चालत राहतो, डोकं फुटत नाही, आणि वेताळ खूश होऊन सांगतो की तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे, तो दंडवत घाल म्हणाला की म्हण, मी राजा आहे, मला येत नाही, तू करून दाखव.

घोळ होतो त्याला कारण आहे, बत्तिशीतही वेताळ येतो, आणि 'चांदोबा' मासिकाने पंचवीस गोष्टी संपल्यावरही वर्षानुवर्षं नव्या वेताळकथा छापल्या, त्यामुळे पंचविशी नक्की कुठे संपते हेच आपल्याला आठवत नाही. त्यातलं चित्रकार शंकर यांचं विक्रम-वेताळाचं ते चित्र मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही, एका हातात तलवार, खांद्यावर मढं.

अजून एक, जे मराठी माणसाने तरी विसरू नये. कथासरित्सागरातला हा राजा उज्जैनचा नाहीच, तो त्रिविक्रमसेन, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. आणि बत्तिशीत याच प्रतिष्ठानचा शालिवाहन विक्रमाला युद्धात मारतो, म्हणून तर सिंहासन गाडलं जातं. एका पुस्तकात गोष्ट ऐकणारा राजा पैठणचा, दुसऱ्यात विक्रमाला मारणारा पैठणचा, आणि आपल्या पंचांगात आजही शालिवाहन शके लिहितात, तरी दोन्ही गोष्टी आपण उज्जैनच्या म्हणून सांगत बसतो.

आणि सिरियलचं नाव हिंदी होतं म्हणून तिथे बेताल ठीक आहे. मराठीत बेताल म्हणजे ताल सुटलेला, आणि आरवलीच्या ज्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, लोक एवढाल्या चपला वाहतात त्याला कोणी बेताल म्हणेल का? मराठीत लिहिताना वेताळच लिहा.