शेक्सपिअरन सॉनेट शेक्सपिअरने शोधलेलं नाही

इंग्रजी साहित्याच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शेक्सपिअरन सॉनेट या चौदा ओळींच्या काव्यप्रकाराचा जनक शेक्सपिअर. नाव तसं आहे म्हणून उत्तरही तसंच, असं मुलं धरून चालतात आणि हक्काचा गुण घालवतात.

सॉनेट जन्मलं तेराव्या शतकात, सिसिलीत. पेट्रार्क या इटालियन कवीने ते गाजवलं, सर थॉमस वायट या इंग्रज कवीने इंग्रजीत आणलं. पेट्रार्कच्या पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर उभ्या असतात: कखखक कखखक (एकच अक्षर म्हणजे त्या ओळींचं यमक एकच). इटालियनमध्ये यमकं मुबलक, इंग्रजीत ती जुळवताना दमछाक होते. म्हणून अर्ल ऑफ सरे हेन्री हॉवर्ड याने चौदा ओळींची मांडणी बदलली: कखकख, गघगघ, चछचछ आणि शेवटी जज. आज आपण ज्याला शेक्सपिअरन म्हणतो ते हेच! सरेचा शिरच्छेद झाला 1547 मध्ये, त्याची सॉनेटं टॉटेल या प्रकाशकाच्या कवितासंग्रहात छापली गेली 1557 मध्ये आणि शेक्सपिअर जन्मला 1564 मध्ये. इंग्रजीत ब्लँक व्हर्स, म्हणजे छंदातली पण यमक नसलेली कविता, हीसुद्धा पहिल्यांदा सरेनेच लिहिली. एवढ्या मोठ्या कवीचं नाव पर्यायांत दिसूनही मुलं ओलांडून जातात, याचं वाईट वाटतं.

शेक्सपिअरचं श्रेय यामुळे कमी होत नाही. 1609 मध्ये छापलेल्या त्याच्या 154 सॉनेटांनीच हा साचा अजरामर केला. तोही साच्याला बांधलेला नव्हता: 99 व्या सॉनेटात पंधरा ओळी आहेत, 126 व्यात बाराच.