कर्करोगातील जीवनगुणवत्ता व कुटुंबाचा आधार

कर्करोगावरील उपचारांचे यश केवळ गाठ किती आकसली किंवा रुग्ण किती काळ जगला यावरून न ठरवता, त्या काळातील त्याच्या वेदना, झोप, जेवण, मनःस्थिती, कामधंदा आणि घरच्यांशी असलेले संबंध यांचाही पद्धतशीर अभ्यास करणारे संशोधनक्षेत्र. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या कार्नॉफ्स्की मोजपट्टीत डॉक्टरच रुग्णाची हालचाल पाहून ० ते १०० गुण देत असे. रुग्णाला स्वतःलाच विचारण्याची रीत पुढे रुळली आणि १९९३ मध्ये आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या : कर्करोग संशोधन व उपचारांसाठीच्या युरोपीय संघटनेची ३० प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी३०’ आणि अमेरिकेतील ‘फॅक्ट-जी’. दोन्हींची मराठी रूपे उपलब्ध आहेत.

कुटुंबाला या दोन प्रश्नावल्यांत सारखे स्थान नाही. पहिलीत आजारपणामुळे वा उपचारांमुळे कौटुंबिक जीवनात अडथळा आला का, एवढाच थेट प्रश्न आहे. दुसरीत मात्र घरच्यांकडून मानसिक आधार मिळतो का, त्यांनी आजार स्वीकारला आहे का, आजाराविषयी घरात होणाऱ्या बोलण्याने समाधान वाटते का, असे स्वतंत्र प्रश्न आहेत. लैंगिक जीवनाविषयीचा प्रश्न नको असल्यास सोडण्याची मुभाही तिच्यात आहे. पुण्यातल्या गजबजलेल्या ओपीडीत मुलगा किंवा सून शेजारी उभी असताना, विशेषतः अक्षरओळख नसलेल्या रुग्णाला तिनेच प्रश्न वाचून दाखवले असताना, या प्रश्नांना मिळणारी उत्तरे जपूनच वाचावी लागतात. उलटी, दम लागणे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या त्रासाबाबत रुग्ण व नातेवाईक यांची उत्तरे बऱ्यापैकी जुळतात. मनातल्या गोष्टींबाबत ती कमी जुळतात, आणि नातेवाईक रुग्णाची अवस्था सहसा त्याच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा वाईट समजतात. ‘पेशंटला काही सांगू नका’ अशी विनंती डॉक्टरांना बाहेर गाठून केली जाते, तेव्हा तर आजार स्वीकारल्याविषयीचा प्रश्नच निरर्थक होतो. ज्याला निदान सांगितलेलेच नाही, त्याने काय उत्तर द्यावे?

पुण्यातील रुग्णालयांत सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. केमोच्या फेऱ्या आणि अनेक आठवडे चालणारे किरणोपचार यांसाठी घरातले एक माणूस सोबत अडकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा भार हलका होतो. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी मात्र कुठल्याच बिलात दिसत नाही. ‘क्यूएलक्यू-सी३०’मध्ये आर्थिक अडचणींवर एक प्रश्न आहे, पण तो रुग्णाला विचारलेला. काळजी घेणाऱ्यांवरील ताण मोजण्यासाठी अमेरिकी संशोधक झारिट यांची २२ प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. ती मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या नातेवाइकांसाठी १९८० मध्ये आलेल्या मोजपट्टीवरून बेतलेली आहे. सासूची शुश्रूषा हे सुनेचे कर्तव्यच मानले जाते अशा घरात ‘तुम्हाला ओझे वाटते का’ या प्रश्नाला होकार देणे सोपे नसते, त्यामुळे कमी गुण म्हणजे कमी ताण असे धरून चालणे धोक्याचे आहे.

उपशामक सेवेत, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा वेदना व त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या सेवेत, कुटुंब हाच सेवेचा घटक मानला जातो. पुण्यातील वारजे येथे सिप्ला या औषधकंपनीने १९९७ मध्ये सुरू केलेल्या विनामूल्य केंद्रात रुग्णासोबत नातेवाइकाच्याही राहण्याची सोय आहे. जखमेची स्वच्छता, नळीवाटे अन्न देणे, वेदनाशामकांच्या वेळा पाळणे ही कामे नातेवाइकाला हाताने करून शिकता आली, तर घरी परतल्यावरची भीती बरीच कमी होते. अशी सेवा शेवटच्या दिवसांसाठीच असते हा समज अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील चाचणीत, फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या ज्या रुग्णांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांच्या जोडीने ही सेवा मिळाली, त्यांची जीवनगुणवत्ता अधिक चांगली राहिली व नैराश्य कमी आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत परिचारिकांनी काळजीवाहकांना दूरध्वनीवरून मार्गदर्शन केले; ज्यांना ते लवकर मिळाले, त्यांच्यात तीन महिन्यांनी उशिरा सुरुवात झालेल्यांपेक्षा नैराश्याची लक्षणे कमी होती. पुण्याला दर वेळी एसटीने येणे न परवडणाऱ्या घरांसाठी ही पद्धत विशेष तपासून पाहण्याजोगी आहे.