सात अँपिअर-अवर जातात कुठे?

‘६०० व्हीएचा यूपीएस घेतला तर संगणक किती वेळ चालेल?’ यूपीएस घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. पण व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) आकड्यात वेळ नसतोच. यूपीएस एका वेळी किती भार पेलेल एवढेच तो सांगतो. त्यातही पाहायचे ते वॅट. ६०० व्हीएचे अनेक यूपीएस ३६० वॅटच देतात. तोटीच्या रुंदीवरून टाकीत पाणी किती ते कळत नाही.

टाकी म्हणजे आतली बॅटरी. लहान यूपीएसमध्ये ती बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची (कागदावर ७ अँपिअर तासभर देणारी) शिसे-आम्ल बॅटरी असते. संगणक आणि मॉनिटर मिळून २०० वॅट खात असतील, तर यूपीएसमधली तूट धरून बॅटरीतून सुमारे २० अँपिअर ओढले जातात. ७ भागिले २०, म्हणजे २१ मिनिटे. प्रत्यक्षात बॅटरी कोरी असली तरी दहाएक मिनिटांत यूपीएस बंद पडतो.

७ हा आकडा बॅटरी २० तासांत, अवघ्या ०.३५ अँपिअरने रिकामी करून काढलेला असतो. तिच्या प्लेट्स स्पंजासारख्या सच्छिद्र. वीज देताना त्यांच्यावर लेड सल्फेट जमते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. छिद्रांच्या तळाचे आम्ल संपले की बाहेरचे आम्ल विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, आत झिरपावे लागते, आणि विसरण घाई जाणत नाही. २० अँपिअरच्या ओढीत छिद्रांत जवळपास पाणीच उरते, सल्फेटचे कण त्यांची तोंडे बुजवतात, व्होल्टेज घसरते. प्लेट्समधले बरेचसे शिसे तेव्हा वापरायचेच राहिलेले असते! ‘मेलेली’ बॅटरी थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा धुगधुगते ती याच विसरणामुळे.

पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे सूत्रात बसवले: विद्युतधारेचा विशिष्ट घात गुणिले वेळ स्थिर राहतो. घात १.२ धरला तर आपल्या उदाहरणात ९ मिनिटे येतात. याच सूत्राने, तशाच दोन बॅटऱ्यांचा यूपीएस दुप्पट नव्हे, सुमारे २.३ पट वेळ देतो.

‘नवी बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करावी’ हा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली ही समजूत शिसे-आम्ल बॅटरीला घातक ठरते. रिकामी राहिली की सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि चार्ज करूनही पुरते विरघळत नाहीत. उष्णताही तशीच वाईट. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून यूपीएस बंद कपाटात कोंबू नये.

वीज गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात संगणकाच्या पॉवर सप्लायमधला थोडी वीज साठवणारा कपॅसिटर निभावून नेतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडूच नये, त्याचा हीटर एकाएकी प्रचंड वीज ओढतो. आणि दुसऱ्या बॅटरीचा खर्च नको असेल, तर वीज जाताच जादा मॉनिटर बंद करा, जड काम थांबवा. भार २०० वरून १०० वॅटवर आला, की त्याच ९ मिनिटांची सुमारे २१ होतात.