मिस्सा ऐकली की मास ऐकला?

"साल्झबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये मोझार्टचा मास ऐकला," असं कुणी सांगितलं की माझा प्रश्न ठरलेला असतो: तिकीट काढलं होतंत का? समोरचा बुचकळ्यात पडतो. पण त्याने नेमकं काय ऐकलं, हे त्या एका उत्तरावरून कळतं.

तिकीट काढलं असेल तर ती मैफल. तिथे फक्त मास, म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या ठरलेल्या प्रार्थनांना दिलेलं संगीत. किरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, बेनेदिक्तुस, आन्युस देई हे त्याचे सगळे भाग एकापाठोपाठ एक, रेकॉर्डवर ऐकतो तसे.  मोझार्टचा १७७९चा 'राज्याभिषेक' मास (हे नाव मागाहून चिकटलं) असा सलग गायला तर साधारण २५ मिनिटांत आटोपतो.

तिकीट नसेल तर ती मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रत्यक्ष उपासना. वसईचे ख्रिस्ती लोक हाच शब्द वापरतात, आणि तो वेगळा ठेवला तर निम्मा गोंधळ मिटेल. कीर्तनातला अभंग आणि अभंगांच्या मैफलीतला अभंग यांत जो फरक, तोच इथे आहे. बुवा एक चरण म्हणतात, मग निरूपण, दृष्टान्त, गजर. अभंगाकडे परत यायला पाऊण तास लागला तरी कुणाची तक्रार नसते. मिस्सेतही किरिए आणि ग्लोरिया लागोपाठ होतात आणि मग संगीत थांबतं. प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रवचन, त्यानंतर क्रेदो. धर्मगुरूची गायलेली प्रार्थना थेट सांक्तुसमध्ये शिरते. मोझार्टच्या काळी बेनेदिक्तुस गायचा तो भाकर आणि द्राक्षारस पवित्र करून उंचावल्यानंतर, म्हणजे मध्ये शांतता. मैफलीत ही शांतता गडप होते आणि बेनेदिक्तुस म्हणजे सांक्तुसला जोडलेला एक संथ तुकडा वाटू लागतो. सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार पालेस्त्रिना याच्या मासमधला ग्लोरिया तर वाक्याच्या मध्येच सुरू होतो, कारण पहिली ओळ धर्मगुरूने म्हणायची असते. कार्यक्रमपत्रिकेत याबद्दल अवाक्षर नसतं, याची मला भारी चीड येते.

हे कळलं की मोझार्टची लांबीची तक्रारही कळते. १७७६ साली त्याने इटलीतल्या बोलोन्याचे संगीतपंडित पाद्रे मार्तिनी यांना लिहिलं होतं की, साल्झबुर्गचे आर्चबिशप स्वतः मिस्सा करतात तेव्हा सगळं मिळून पाऊण तासाच्या वर जाता कामा नये. त्या सगळ्यात शास्त्रवाचनांच्या मध्ये वाजणारा छोटा सोनाटाही (वाद्यसंगीताचा तुकडा) आला. असे सतरा सोनाटे त्याने लिहिले. मैफलीत बहुतेकदा पहिली कात्री त्यांनाच लागते.

रिक्विएमचा घोळ किरकोळ आहे: तीही मिस्साच, मृतांसाठीची, ग्लोरिया आणि क्रेदो नाहीत. प्रत्येक भव्य चर्चला कॅथेड्रल म्हणणं मात्र थांबवा. बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. रोमचं सेंट पीटर्स एवढं अवाढव्य, पण कॅथेड्रल नाही. रोमचं कॅथेड्रल म्हणजे लॅटरनचं सेंट जॉन चर्च.

त्याच सेंट पीटर्समध्ये २९ जून १९८५ रोजी संगीत-संचालक कारायानने मोझार्टचा हाच 'राज्याभिषेक' मास मिस्सेत सादर केला. वेदीवर पोप जॉन पॉल दुसरे, साथीला व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद. त्याचं ध्वनिमुद्रण पूर्ण ऐका, मधल्या प्रार्थना पुढे न ढकलता. वाट पाहून आलेला आन्युस देई, त्यातला एकटा सोप्रानो (स्त्रीचा उंच स्वर), सलग मैफलीतल्यापेक्षा कितीतरी जास्त भिडतो. माझं मत विचाराल तर मैफलीचं तिकीट वाचवा.

साल्झबुर्गला सणाच्या रविवारी सकाळी गेलात तर प्रवचन जर्मनमध्ये असेल. समजलं नाही तरी बसून राहा. ग्लोरिया संपताच बॅगा उचलून निघणारे पर्यटक मी पाहिले आहेत. आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका. आन्युस देई संपला की लोक कम्युनियनसाठी, म्हणजे ती पवित्र भाकर घ्यायला, रांगेत उभे राहतात.