टायर पॉलिश: हात राखून लावा

गाडी धुऊन झाली, टायरला पॉलिशही लागलं, मग आणखी वीस मिनिटं थांबायचं कशाला? आणि दुसरं, बाकीच्यांच्या गाड्यांचे टायर ओले दिसावेत इतके चमकतात, तुम्ही केलेले का नाही? हे दोन प्रश्न रोज येतात. तिसरा येतो तो तक्रार म्हणून: "तुमच्याकडून गाडी नेली आणि दुसऱ्या दिवशी दारावर काळे ठिपके." तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून हे पत्रक.

हे ठिपके डांबराचे नसतात. टायरच्या बाजूला लागलेलं जादा पॉलिश चाक फिरायला लागलं की उडतं आणि चाकामागच्या पत्र्यावर, दाराच्या खालच्या कडेला, मागच्या बंपरवर बसतं. ठिपके चाकाच्या मागे कमानीसारखे पसरले असतील तर समजा, पॉलिशचेच आहेत. आमच्याकडे अशी गाडी परत आली की आम्ही पहिलं विचारतो, घरी आणखी एक हात मारला होता का? बहुतेक वेळा मारलेला असतो.

सगळा घोटाळा इथे होतो. टायर चार दिवसांत तपकिरी दिसायला लागला की लोक बाटली काढतात आणि जुन्या थरावरच नवा थर चढवतात. तो तपकिरी रंग नुसता धुळीचा नसतो. टायरच्या रबरात कारखान्यातच मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना दबतो, ताणला जातो आणि ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. तिथे हवेतल्या ओझोनशी त्यांची गाठ पडली की रंग तपकिरी होतो. म्हणजे टायर आपलं काम चोख करतोय. त्यात बिघाड काही नाही. पण त्यावर धूळ बसते, ब्रेकची भुकटी बसते, मागच्या वेळचं पॉलिश बसलेलं असतंच. या सगळ्यावर नवं पॉलिश ओतलं तर ते रबराला धरतच नाही. वरचेवर तरंगतं, उडतं, आणि जे उरतं ते धूळ ओढून दुप्पट तपकिरी होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

म्हणून आमच्याकडे पॉलिशपेक्षा घासण्यात जास्त वेळ जातो, आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो. ते का, हे एकदा समोर उभं राहून बघा. टायर क्लीनर मारून कडक ब्रशने घासलं की पहिला फेस चहाच्या रंगाचा निघतो. धुवायचं, पुन्हा घासायचं. फेस पांढरा निघेपर्यंत हे चालतं. बऱ्याच दिवसांचे थर साठलेले असतील तर तीन-चार वेळाही करावं लागतं. नवा कोरा टायरही याला अपवाद नाही: साच्यातून सुटा निघावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश त्यावर असतो, त्यामुळे पहिल्या वेळी पॉलिश नीट बसत नाही.

बाटली कोणती घ्यावी

बाजारात मुख्य प्रकार दोन. एक पाण्यावर आधारित: दुधासारखं पांढरं, वास सौम्य, वाळल्यावर काळसर आणि थोडं मंद दिसतं. दुसरं सॉल्व्हंटवर, म्हणजे पेट्रोलियमच्या द्रावकावर आधारित: पारदर्शक, तेलकट, पेट्रोलसारखा वास, झगझगीत चमक. डब्यावर ज्वलनशील असल्याची खूण असते. चमक दुसऱ्याची जास्त आणि ती टिकतेही जास्त. तरीही आम्ही पहिलंच वापरतो आणि तेच विकायला ठेवतो. पेट्रोलियमचे द्रावक वारंवार लागले की वर सांगितलेलं रबरातलं संरक्षक मेण धुऊन निघतं आणि रबर कोरडं पडायला मदत होते. शिवाय उडण्याचा त्रास त्याचाच जास्त. पाण्यावरचं पॉलिश एका जोरदार पावसात उतरू शकतं, हे मान्य. पण उतरलेलं पॉलिश परत लावता येतं.

"सिलिकॉनने टायर खराब होतो" असं पुष्कळ जण सांगतात. सिलिकॉन बहुतेक वेळा दोन्ही प्रकारांत असतं, आणि काळजी करायची ती त्याला वाहून आणणाऱ्या द्रावकाची. डिझेल, रॉकेल, जुनं इंजिन ऑइल मात्र टायरला लावूच नका. चमक येते खरी, पण पेट्रोलियम तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. फुकटच्या चमकेपायी टायर घालवण्यात काय हशील?

घरी लावणार असाल तर

टायर गार हवा. नुकतीच चालवून आणलेली किंवा उन्हात उभी केलेली गाडी नको, पॉलिश पसरण्याआधीच वाळतं आणि पट्टे उमटतात. घासून धुतल्यावर टायर पूर्ण कोरडा करा. रिमच्या कडेला आणि अक्षरांच्या खाचांत पाणी लपून राहतं, तिथे फडकं फिरवा. मग पॉलिश स्पंजवर घ्यायचं, थेट टायरवर फवारायचं नाही. एका टायरला चमचाभर पुरतं. हात राखून, पातळ पसरवा. पाच-दहा मिनिटांनी जुन्या फडक्याने पुसून घ्या. पुसायला लोकांचा जीव होत नाही, पण उडणारं पॉलिश तेवढंच असतं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं गाडी हलवू नका. बोट लावून बघा. बोटाला तेलकट लागलं तर अजून एकदा पुसा. आमच्याकडे तुम्हाला थांबवतो ते याच वीस मिनिटांसाठी. घाई असेल तर तसं आधी सांगा, टायर नुसते घासून देऊ, पॉलिश पुढच्या वेळी.

रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, म्हणजे नक्षीला, पॉलिशचा थेंबही नको. पकड जाते, ओल्या रस्त्यावर तर फारच. फवारा थेट मारू नका म्हणतो तेही त्याचसाठी, आणि ब्रेकसाठी. आजकालच्या जाळीदार रिममधून फवारा सरळ डिस्कवर जातो. चुकून गेलाच तर ब्रेक क्लीनरने डिस्क स्वच्छ करून घ्या. पॅडने शोषलं असेल तर पॅड बदलावे लागतात. अशी शंका आली तर गाडी चालवत आणू नका, फोन करा.

दुचाकीच्या टायरला आम्ही पॉलिश लावत नाही. कितीही आग्रह केला तरी नाही. वळताना गाडी कलते आणि टायरची कडच रस्त्याला टेकते. उरलेलं पॉलिश स्टिअरिंग, पेडल किंवा सीटला पुसायची सवयही सोडा.

पत्र्यावर ठिपके पडलेच तर त्याच दिवशी शाम्पूने धुवा. कोरड्या फडक्याने घासलं तर त्यात अडकलेली धूळ रंगावर ओरखडे काढते. पुढे कधी तो भाग रंगवायचा झाला तर रंगाऱ्याला आवर्जून सांगा, कारण सिलिकॉनचा अंश राहिला की नवा रंग तिथे बसत नाही, खड्डे पडतात.

टायरला चिरा असतील तर पॉलिशने त्या दिसेनाशा होतील, भरणार नाहीत. घासून झाल्यावर, पॉलिशच्या आधी, बाजूवरचं डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणारं लिखाण वाचा. शेवटचे चार आकडे 3521 असतील तर टायर 2021 सालच्या 35व्या आठवड्यात तयार झाला. नक्षीच्या खाचांत मधेमधे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की उरलेली खोली 1.6 मिलीमीटर असते, आणि तेव्हा टायर बदलायचा. धुताना आम्हाला असं काही दिसलं तर आम्ही सांगतो. टायर आम्ही विकत नाही, त्यामुळे त्यात आमचा काही फायदा नाही.

घरी आधीच बाटली घेतलेली असेल तर येताना घेऊन या. पाण्यावरची असेल तर तीच लावून देऊ आणि फक्त घासण्याचे पैसे घेऊ. स्प्रेचा डबा असेल तर तो मात्र उन्हात उभ्या गाडीत ठेवून आणू नका. असे डबे 50 अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचे नसतात.